शुक्रवारचं पत्र

आयोजकांचा चहा घ्यायचा नाही, हा संपादकांचा पहिला नियम. दुसऱ्याचा चहा पोटात गेला की पेन मऊ पडतं म्हणायचे. त्यामुळे कुठल्याही कार्यक्रमाला निघाले की त्यांच्या नायलॉनच्या पिशवीत गूळ-शेंगदाण्यांचा डबा, पाण्याची बाटली आणि एक चपटी उशी असायचीच. उशी बुडाखाली घ्यायची आणि शेवटच्या रांगेत बसायचं. पुढे बसतात ते पासवर आलेले, मागे बसतात ते तिकीट काढून आलेले, तेव्हा नाटक कसं झालं ते मागच्यांना विचारावं, असा त्यांचा हिशेब. आभारप्रदर्शन सुरू व्हायच्या आत हा माणूस उठायचा. कोणी शाल-नारळ घेऊन मागे आलाच, तर जिन्यावरून चक्क पळायचा. पासष्टी उलटलेली, गुडघे दुखणारे, आणि हातात उशी. मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेव्हा हसलेही आहे.

नगरमध्ये दिल्ली गेटजवळ एका झेरॉक्सच्या दुकानामागे माझी खोली होती. लग्नपत्रिका, टेंडरं, दहाव्या-बाराव्याच्या पत्रिका असलं काय काय मी कॉम्प्युटरवर जुळवून द्यायचे. एक दिवस हे गृहस्थ आले, खुर्ची रुमालाने पुसली आणि म्हणाले की मला दर शुक्रवारी एक पत्र काढायचंय. जिल्ह्यात जे जे गायलं, नाचलं, खेळलं जातं त्याच्याबद्दल. लोकांनी वर्षाची वर्गणी भरायची आणि त्यांना ते ईमेलवर जायचं. मी म्हटलं, म्हणजे न्यूजलेटर. ते म्हणाले, न्यूज त्यात काही नसेल, लेटर तेवढं म्हणा. मग आम्ही पत्रच म्हणायला लागलो.

आयुष्य साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेलेलं. कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला हे लिहिण्यात ज्याची नोकरी संपली, त्याच्या पत्राची वेळ चुकेल कशी? शुक्रवारी सकाळी आठ म्हणजे आठ. एकदा आमच्याकडे वीज गेली, तर मला स्कूटरच्या मागे बसवून सावेडीत भाच्याच्या घरी नेलं. तो बिचारा दात घासत होता. त्याच्या टेबलावरून आम्ही आठाच्या ठोक्याला पत्र सोडलं आणि मग संपादकांनी त्याला सुप्रभात म्हटलं.

शब्दांचं तर विचारू नका. ‘मंत्रमुग्ध’ हा शब्द आमच्याकडे बंद. ‘बहारदार’ बंद. ‘रसिकांची मने जिंकली’ कोणी लिहून पाठवलं तर ते फोन करून विचारायचे, किती मनं होती, कुठे ठेवलीत. एका सराफांनी वर्षभराची जाहिरात द्यायचं कबूल केलं होतं, आमचं भाडं सुटलं असतं. त्यांची अट एकच, नातीच्या अरंगेत्रमबद्दल, म्हणजे नाचाच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाबद्दल, दोन गोड ओळी. संपादक गेले, शेवटच्या रांगेत बसले आणि लिहिलं की मुलगी पाय छान टाकते, पण सगळा वेळ आजोबांकडे बघत होती. झालं. जाहिरात गेली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. धंदा करायचा असेल तर धंद्यासारखा करा, नाहीतर देवळात जाऊन कीर्तन करा, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं होतं. ते म्हणाले, “कीर्तनकाराला लोकांना गोड वाटावं लागतं. मला ते जमत नाही.”

आणि खरंच जमत नव्हतं त्यांना. हा काही त्यांचा अभिमान नव्हता, असलाच तर थोडासा. मला विचाराल तर ते एक व्यंगच होतं. जामखेडकडच्या एका म्हाताऱ्या शाहिरांबद्दल त्यांनी लिहिलं, आवाज गेला आहे, आता थांबावं. शाहिरांनी कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि फोन केला. मी स्पीकरवर लावला. रागावणं नाही, शिव्या नाहीत. म्हणाले, “तुमी लिव्हलं ते खरं हाय. आवाज गेला. पर थांबल्यावर मानूस काय करतो, ते बी लिवा की एकदा.” संपादक फोन ठेवून कितीतरी वेळ डब्यातले शेंगदाणे नुसते चिवडत बसले. पुढच्या शुक्रवारी शाहिरांचं बोलणं जसंच्या तसं पहिल्या जागी छापलं. आपल्या परीक्षणातला मात्र एक शब्द मागे घेतला नाही. ज्याला राग येतो तोच वाचक, बाकीचे नुसते ग्राहक, असं त्यांचं मत होतं. आमच्याकडे दोन्ही कमीच होते म्हणा.

कोणी पत्र बंद केलं, म्हणजे त्या खालच्या बारक्या बटणावर बोट ठेवून यादीतून बाहेर पडला, की संपादकांना चैन पडायची नाही. ते त्याला फोन लावायचे. का सोडलंत? काय चुकलं? लोक ओशाळे व्हायचे, काहीतरी थापा मारायचे. अकोले तालुक्यात डोंगराकडच्या एका बाईंनी सोडलं तेव्हा हे एसटीने आणि पुढे जीपने तिथवर गेले. त्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, अहो, वाचायला आवडतं, पण इथे रेंज टेकडीवर येते आणि शुक्रवारी सकाळी आठला मी टेकडीवर कशी जाऊ, भात लावायचाय. तेव्हापासून त्यांचं पत्र छापून पोस्टाने जायचं. एका वाचकासाठी छपाई. मी कपाळावर हात मारला.

आता मुलीचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय या माणसाचं काहीच सांगितल्यासारखं होणार नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी नाटकात काम करायची. चांगली करायची, मी पाहिली होती. हौशी नाटकांची स्पर्धा नगरला होती, त्यात तिची मुख्य भूमिका. संपादकांनी तिकीट काढलं, उशी घेतली, शेवटच्या रांगेत बसले. घरी जाऊन लिहिलं आणि गुरुवारी माझ्या हातात कागद दिला. त्यात एक ओळ होती. ‘मुख्य भूमिकेतल्या अभिनेत्रीला शब्द पाठ आहेत, बाई माहीत नाही.’ तिचं नाव दिलेलं, आपली मुलगी असल्याचा उल्लेख नाही. मी म्हटलं, सर, एवढी ओळ काढा. घरी जेवताना सांगा हवं तर. तर म्हणे घरी सांगितलं असतं तर ती वशिलेबाजी झाली असती. बाकीच्यांना कोण जेवताना सांगतं?

त्यानंतर तिने नाटक सोडलं. त्या ओळीनेच सोडलं की सोडणारच होती, देव जाणे. बेंगळुरूला नोकरी धरली. आई होती तोवर आईला फोन यायचा. आई गेली आणि फोनही गेला. भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान दोघांचा आवाज तरी चढला असता. ही दोन्ही माणसं तसली नव्हती. दोघंही गप्प बसण्यात पटाईत.

पण तिने एक केलं नाही. यादीतून ती बाहेर पडली नाही. ते बारकं बटण तिच्याही पत्राखाली दर शुक्रवारी जात होतं, आणि तिने ते कधी दाबलं नव्हतं.

आम्ही ज्या यंत्रणेवरून पत्र पाठवायचो, त्यात कोणी पत्र उघडलं की त्याच्या नावासमोर हिरवी खूण यायची. शुक्रवारी सव्वाआठ-साडेआठला संपादक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. “उघडलं का?” एवढंच विचारायचे. कोणी, हे ते सांगायचे नाहीत आणि मीही विचारायचे नाही. यादी खाली सरकवायची, तिच्या नावावर थांबायचं. हिरवी खूण असायची. नेहमी असायची. मग ते म्हणायचे, “बरं,” आणि डबा उघडायचे. मी कितीदा म्हटलं की तिला फोन करा. त्यांचं म्हणणं, बोलायचं नसेल तर नको बोलू दे, वाचतेय ना. एवढ्या एका हिरव्या खुणेवर तो माणूस आठवडा काढायचा. सराफाची जाहिरात गेली, झेरॉक्सवाल्याने खोली रिकामी करायचा तगादा लावला, वर्गणीदार गळत गेले, तरी पत्र बंद करू या म्हटलं की ते ऐकूनच घ्यायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा आणि मग शुक्रवारी सकाळी तो राग विरघळायचा. काय करता?

त्याच यादीत पुणतांब्याचे एक निवृत्त गुरुजी होते. पत्र गेलं रे गेलं की पहिली खूण त्यांची. मिनिटभरसुद्धा जायचं नाही. संपादकांना या गुरुजींचं मोठं कौतुक. गोदावरीच्या काठावर आठ वाजता हातात फोन धरून बसलेला माझा वाचक, असं ते सगळ्यांना सांगायचे. वर्गणीदार फारच कमी झाले त्या हिवाळ्यात त्यांनी ठरवलं, या गुरुजींवरच एक पत्र काढायचं. कलावंतांवर इतकी वर्षं लिहिलं, वाचकावर कधी लिहिलं नाही. मला म्हणाले, तू पण चल, फोटो काढ. निघताना कापडबाजारातून त्यांनी एक शाल घेतली. जन्मभर शालीपासून पळालेला माणूस स्वतः शाल घेऊन निघाला. मी चिडवलं तर लाजले.

श्रीरामपूरला बस बदलून आम्ही पोहोचलो. शुक्रवारच होता, सकाळी पत्र सोडून, गुरुजींची खूण बघूनच निघालो होतो. घर सापडलं. गुरुजींच्या सूनबाई दारात डाळ पाखडत होत्या. संपादकांनी नमस्कार करून सांगितलं, गुरुजींना भेटायला आलोय नगरहून. त्या आमच्याकडे बघतच राहिल्या. मग सूप खाली ठेवलं.

“नाना जाऊन वरीस हुईल आता. तुमाला कळलं न्हाई का?”

संपादक म्हणाले, असं कसं होईल, आज सकाळी आठला त्यांनी पत्र वाचलंय. हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की त्या बाई घाबरून घरात बघायला लागल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. आत फळीवर एक फोन चार्जिंगला लावलेला होता. पुण्याच्या पुतण्याने आपला जुना, भारीतला फोन नानांना दिला होता, तोच. “गॅसचा लंबर त्याच्यावर हाय, बँकेचं बी त्याच्यावरच येतं. म्हून चालू ठिवला. त्याला कुनी हात लावत न्हाई,” त्या म्हणाल्या. मी फोन पाहिला. आमची वर्षभराची सगळी पत्रं त्यात होती, जिवंत माणसाने हात न लावलेली.

बाईंनी चहा ठेवला. संपादकांनी घेतला. त्यांना दुसऱ्याच्या घरचा चहा घेताना मी पहिल्यांदा पाहिलं. शाल नानांच्या फोटोखाली ठेवून आम्ही निघालो.

बसमध्ये त्यांनी मला विचारलं आणि मला सांगावं लागलं. काही भारीतले फोन आलेली पत्रं आपली आपणच आणून ठेवतात, माणसाने बघो न बघो. यंत्रणेला वाटतं, उघडलं. सगळ्यांचंच असं असतं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, काही फोनांचंच. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मुलीकडे कुठला फोन आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बापाला पोरीचा फोन कुठला ते माहीत नाही, आणि हे मला विचारताही येत नव्हतं त्यांना. राहुरीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे आमची बस रांगत राहिली. मला त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला, पण आमचं नातं तसलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

पुढच्या शुक्रवारी ते खुर्चीमागे आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पत्र मात्र आठला जायचं. वाचकांवरचं पत्र त्यांनी लिहिलं नाही.

मग एका गुरुवारी सकाळी आले, नेहमीसारखी खुर्ची पुसली आणि म्हणाले, तिचं नाव यादीतून काढायचं. मी म्हटलं, कशाला? तर त्यांचा हिशेब असा, की ती वाचत असेल तर शुक्रवारी पत्र आलं नाही म्हणून तिला चुकल्यासारखं होईल. ती विचारील, का आलं नाही. मला नाही तर तुला विचारील, कार्यालयाच्या पत्त्यावर विचारील. आणि वाचत नसेल तर काही कळायचंच नाही तिला, कोणाचं काही बिघडत नाही.

मी भांडले. खरंच भांडले त्या दिवशी. म्हटलं, सर, हा काय खुळेपणा, फोन उचला आणि विचारा, वाचतेस का गं म्हणून. दोन शब्दांचं काम.

ते म्हणाले, “विचारलं तर ती हो म्हणेल. म्हातारा बाप विचारतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? त्या ‘हो’चं मी काय करू?”

 त्यांना खोटी तारीफ देता येत नव्हती तशी घेताही येत नव्हती. मी उंदीर, म्हणजे माउस, त्यांच्याकडे सरकवला. म्हटलं, माझ्या हातून नाही व्हायचं. त्यांनी चष्मा वर करून नाव शोधलं आणि स्वतः काढलं.

मग आम्ही वाट बघायला लागलो. शुक्रवारी फोन वाजला की ते मान वर करायचे. कोणीतरी बारशाच्या पत्रिकेचं विचारत असायचं. त्यांचा स्वतःचा फोन, जो एरवी पिशवीत तळाला असायचा, तो शर्टाच्या खिशात आला. कार्यालयाच्या ईमेलवर आलेलं टपाल ते स्वतः बघायला शिकले. आठवडे गेले. विचारणा आली नाही. मी एकदा म्हटलं, कामात असेल. ते म्हणाले, “बाई माहीत नाही असं मी लिहिलं होतं. मला तरी कुठे माहीत आहे.” हे त्यांनी सहज, फळा पुसावा तसं सांगितलं आणि अंकाचा मजकूर तपासायला घेतला.

त्या काळातलं त्यांचं लिखाण मी परत वाचते कधी कधी. इतकं चांगलं त्यांनी आधी लिहिलं नव्हतं. जामखेडला ते परत गेले, त्या शाहिरांच्या घरी राहिले, आणि थांबल्यावर माणूस काय करतो ते लिहिलं. वाचून मी रडले. हे सगळं जिच्यासाठी होतं तिला ते जात नव्हतं, हे आठवलं की आजही मला त्या दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

पावसाळा सरताना त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातही शुक्रवारचं विचारायचे. एका शुक्रवारी पत्र आठला गेलं, मी ते सांगायला गेले, तर भाचा व्हरांड्यात उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघूनच समजलं.

मुलगी आली. दहावं-तेरावं होईपर्यंत राहिली. सगळं उरकल्यावर एका दुपारी माझ्या खोलीवर आली, बाबांचं काही सामान असेल म्हणून. उशी होती, डबा होता, काही पुस्तकं होती. बापासारखीच दिसते, बोलण्याआधी तशीच क्षणभर थांबते. खुर्चीत बसायच्या आधी तिने ती पुसली. 

ती म्हणाली, “पत्र यायचं बंद झालं तेव्हा मला वाटलं, बाबांनी मला काढून टाकलं.”

मी तिला सगळं सांगितलं. पुणतांबा, फोन, खूण, गुरुवारची सकाळ.  माझं संपल्यावर ती म्हणाली की एवढ्यासाठी त्यांना एक फोन नाही का करता आला? माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. मी म्हटलं, “तुला तरी कुठे करता आला?”

तिने मान हलवली. मग सांगायला लागली. ती शुक्रवारी ऑफिसच्या बसमध्ये वाचायची. अगदी पहिल्या पत्रापासून. जिथे बाबांचं चुकलंय असं वाटायचं तिथे मनातल्या मनात भांडायची. पत्र थांबलं तेव्हा आधी तिला वाटलं तब्येत बिघडली, मग बाबांच्या भाच्याकडून कळलं की पत्र निघतंय, सगळ्यांना जातंय. का थांबवलं म्हणून विचारायला तिने दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. म्हणाली, “त्यांनी लिहिलं ते पटत होतं म्हणून नाटक सोडलं हो मी. रागाने नाही. हे सांगायचं राहिलं.”

मी विचारलं, राहिलेले अंक पाठवू का. ती म्हणाली, पाठवा. मी तिचं नाव यादीत परत घातलं आणि तिच्यासमोरच सगळे अंक सोडले. तिच्या पर्समध्ये फोन एकामागून एक वाजत राहिला. तिने तो बाहेर काढला नाही. मी म्हटलं, बघ तरी आले का. तर म्हणाली, आत्ता नको, दर शुक्रवारी एकच वाचीन, म्हणजे तेवढे शुक्रवार बाबा पुरतील.

अधूनमधून तिचा फोन येतो. इकडच्या तिकडच्या गप्पा होतात. किती उरलेत, ते मी विचारत नाही.